शतकाची घंटा

मखमलाबादच्या नवसाबाईची थोरली लेक शुभांगी लहानपणापासून एका जागी ठरायची नाही. झेंडूच्या माळा ओवायला बसवली तर निम्मी माळ झाली की उठायची, फुलं मोजायची, पुन्हा बसायची, पुन्हा मोजायची. नवसाबाई म्हणायची, अगं शुभे, गिऱ्हाईक माळ देवाला घालतं, त्यातली फुलं मोजत बसत नाही. पण पोरीला ते पटायचं नाही. पुढं लग्न झालं, नवरा शेखर अंबडला कारखान्यात लागला, पदरात एक लेक आली, तरी गॅसचं बटण बंद केलंय की नाही हे बघायला ती फाटकापासून परत यायचीच. शेखरनं त्याला नाव ठेवलं होतं, परतफेरी. परतफेरी झाली की सांग, मग गाडीला किक मारतो, असं तो रोज सकाळी म्हणायचा आणि रोज सकाळी थांबायचा. नवरा वाईट नव्हता.

अशी बाई कॉम्प्युटरकडे वळली यात नवल नाही. माणसाला एक गोष्ट दहादा सांगावी लागते, मशीनला एकदा सांगितली की झालं, असं तिला तेव्हा वाटे. चौऱ्याण्णव साली रविवार कारंजाजवळ एका दुकानाच्या माडीवर क्लास होता, तिथं ती सहा महिने गेली. मग पंचवटीत लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे कामाला लागली. पत्रिकेत मजकूर काय, सगळ्यांचा सारखाच. खरी गंमत नावाच्या आधी असते. चि., चि. सौ. कां., सौ., गं. भा., कै. ह्यातलं एक इकडचं तिकडे झालं की व्याही रुसलेच म्हणून समजा. एका पत्रिकेत सवाष्ण आत्याच्या नावाआधी गं. भा. पडलं, तेव्हा आत्याबाईंचे यजमान स्वतः दुकानात येऊन उभे राहिले होते, मी जिवंत आहे हे दाखवायला. तेव्हापासून शुभांगीनं मशीनला शिकवून ठेवलं. नवऱ्याच्या नावाआधी कै. आलं की बायकोच्या नावाआधी गं. भा. आपोआप यायचं, आणि नाही आलं तर सौ. दुकानदार खूश झाला. ह्याच हुशारीनं पुढं घात केला, पण ते मागाहून.

अठ्ठ्याण्णव साली त्र्यंबकगुरुजी नातवाच्या मुंजीची पत्रिका छापायला आले. गुरुजींचं काम रामकुंडावर, उपाध्येपणाचं. त्यांच्या घरात चौसष्ट वह्या होत्या, लाल खादीत बांधलेल्या, एकेक उचलायला दोन हात लागायचे. गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, कोण आलं, कुणाची रक्षा घेऊन आलं, बरोबर कोण होतं, त्यांची मुलं कोण, हे सगळं त्या वह्यांत, गावागावाप्रमाणे. कळवणचा माणूस यावा, त्यानं गाव आणि आडनाव सांगावं, गुरुजींनी वही काढावी आणि पाव घटकेत त्याच्या सात पिढ्या वाचून दाखवाव्यात. ऐकणारा माणूस रडायचा. ज्या खापरपणजोबाचं नाव घरात कुणाला ठाऊक नाही, तो इथं पानावर बसलेला असायचा.

पण गुरुजींचे डोळे मंद झाले होते. दोन हजार तीनला सिंहस्थ येणार, माणसांचा पूर लोटणार, तेव्हा वह्या कोण उलटणार? पत्रिकेची नावं पडद्यावर भराभर खालीवर होताना त्यांनी पाहिली आणि विचारलं, "माझ्या वह्या ह्याच्यात मावतील का गं?"

मावतील, असं म्हणत शुभांगी खुर्चीतून उठलीसुद्धा होती.

तिनं प्रोग्रॅम केला. पडद्यावर खण पाडले. नाव, वडलांचं नाव, गाव, येण्याची तारीख, जन्म, निधन. सालाला दोनच आकड्यांची जागा ठेवली. क्लासमध्ये तसंच शिकवलं होतं, आणि आपण तरी काय, बहात्तरचा दुष्काळ म्हणतो, एकोणीसशे बहात्तरचा कोण म्हणतं? पुढचे दोन आकडे मशीन आपल्या अकलेनं लावून घ्यायचं. पन्नासच्या आतलं साल असलं की वीस, वरचं असलं की एकोणीस. ते कुठं दिसायचंही नाही. पोटात ठेवायचं.

भरण्याच्या कामाला वाल्मीकभाऊ मिळाले. कोर्टाबाहेर झाडाखाली तीस वर्षं टाइपरायटर बडवलेला माणूस. गुरुजी वहीतल्या मोडी ओळी बालबोधीत लांब कागदांवर उतरवून द्यायचे, सालं पुरी लिहायचे, आणि वाल्मीकभाऊ ती मशीनमध्ये भरायचे. त्यांची नजर कागदावरून ढळायची नाही. चांगला टायपिस्ट यंत्राकडे बघत नाही, हे त्यांना त्यांच्या गुरूनं छडी मारून शिकवलं होतं. १९०२ दिसलं की बोटं आधीचे दोन आकडे गाळून ०२ मारायची आणि पुढं. कागद तयार असले की दिवसाला तीनशे नावं. शुभांगीला ते शिपायासारखे "मॅडम" म्हणत, वयानं बापाएवढे असून, आणि तिला ते टोचावं अशाच बेतानं म्हणत.

मध्ये नव्व्याण्णव साल आलं. सगळीकडे एकच बोलणं, दोन हजार लागलं की कॉम्प्युटर गपकन बंद पडणार. शुभांगीला महिनाभर अन्न गोड लागलं नाही. एक तारखेला सकाळी अंघोळ करून ती गुरुजींकडे गेली, मशीनला हळदकुंकू लावलं, बटण दाबलं. मशीन सुरू झालं. गुरुजींनी पेढे वाटले. येणाऱ्या शतकाची सगळ्यांना इतकी धास्ती होती, की गेलेल्या शतकांकडे कुणी पाठ फिरवून बघितलंच नाही.

दोन हजार तीनच्या चैत्रात चांदवडकडचा जयराम रंगनाथ आला. पंचाहत्तरीचा, उन्हाळ कांद्याचा हंगाम टाकून आलेला, हाताला अजून कांद्याचा वास. बायको लंकाबाई गेली होती, तिची रक्षा घेऊन. बरोबर मुलगा रंगनाथ. त्या घरात आजाचं नाव नातवाला ठेवायची चाल; म्हणजे जयरामाचा रंगनाथ, रंगनाथाचा जयराम, पुन्हा जयरामाचा रंगनाथ, असा रहाटगाडग्यासारखा फेरा. रक्षा सोडून दोघं गुरुजींच्या माडीवर आले. वाल्मीकभाऊंनी लंकाबाईचं नाव भरलं. शुभांगी त्या दिवशी हजर होती. गुरुजींचे डोळे दुखत होते म्हणून पडद्यावरचं वाचायला तीच बसली, आणि नवं यंत्र काय करतं ते दाखवायच्या हौसेनं जरा मोठ्यानंच वाचू लागली. आजे, पणजे झाले. मग ती वाचून गेली, कैलासवासी जयराम रंगनाथ, निधन सन दोन हजार दोन. त्यांची पत्नी गंगाभागीरथी लंकाबाई, निधन सन दोन हजार तीन.

वाचून झाल्यावर तिला कळलं की खोलीत कुणी हलत नाही.

झालं होतं असं. जयरामाचा आजा, तोही जयराम रंगनाथच, एकोणीसशे दोन साली वारला होता. वाल्मीकभाऊंच्या बोटांनी ०२ मारलं, मशीननं ते दोन हजार दोन धरलं, आणि त्याच नावाचा, त्याच गावचा, नव्या काळातला एक माणूस सापडल्यावर ते मरण त्याच्या गळ्यात घातलं. नवरा आधी गेलेला दिसला म्हणून बायकोच्या नावाआधी गं. भा. आपोआप आलं. शुभांगीनं शिकवल्याप्रमाणे.

मुलगा तावातावानं उठला. म्हाताऱ्यानं त्याचा सदरा धरून त्याला खाली बसवलं.

"म्हंजे मी गेल्या साली गेलो," तो म्हणाला. "बरं. जित्या माणसाच्या मरणाची आवई उठली तर आयुष्य वाढतं म्हणत्यात. माझं काय नाय. पण पोरी, तिचं कुंकू कामून पुसलं? हिरवं लुगडं नेसवून, कपाळ भरून पोचवली मी तिला. बावन्न वर्सं एकच हट्ट व्हता तिचा, तुमच्या आधी जाईन. जल्मात तेवढी एक गोष्ट तिच्या मनासारखी झाली. ती तू वाचून फिरवली."

बाईचा मान असा नवऱ्याच्या तारखेला टांगलेला असावा का, ह्यावर बोलण्यासारखं पुष्कळ आहे. नवसाबाई तर नवरा गेल्यापासून बारा वर्षं त्यातून गेलेली. शुभांगीनं घरी येऊन सांगितलं तेव्हा ती पुष्कळ बोललीही. पण त्या खोलीत त्या म्हाताऱ्यापुढं ते बोलायची कुणाची छाती नव्हती. आणि मान कसलाही असो, तो ज्याचा त्याला पोचला पाहिजे.

गुरुजींनी वही मागवली, चाचपत पान काढलं. तपकिरी पडलेला जाड कागद, बोरूची गडद शाई. त्यावर तळहात ठेवून ते म्हणाले, "हा कागद हाती धरला असता तर आंधळ्यालाही कळलं असतं की हा आजच्या जयरामाचा नाही. तुझ्या मशीननं सगळी पानं एका रंगाची केली, शुभांगी."

रागावले असते तर तिला सोसलं असतं.

नोंद तिनं तिथल्या तिथं दुरुस्त केली, पण बापलेक तोवर जिना उतरून गेले होते. आठ दिवस तिला चैन नव्हतं. भाजी करपायची, लेकीच्या वेण्या एक वर एक खाली. परतफेऱ्या वाढल्या, शेखर म्हणाला, आता गाडी फाटकातून काढायचीच नको, तूच जा-ये करत राहा. शेवटी नवव्या दिवशी ती चांदवडच्या एसटीत बसली. जयराम कांद्याच्या चाळीत होता, दुभाळके, म्हणजे जोड कांदे वेगळे काढत होता. तिनं छापलेला कागद पुढं धरला. बघा बाबा, दुरुस्त केलं, सौभाग्यवती लिहिलं.

त्यानं कागद हातात घेतला, उलटा धरला, परत दिला.

"मला वाचता येत नाय. मी जे कानानं ऐकलं ते माझ्या डोक्यात बसलंय. तिथंच, त्याच खोलीत पुन्यांदा वाचलेलं ऐकीन, तव्हाच ते निघंल. अविधवा नवमीला येतो." आणि थोड्या वेळानं, कांद्यावरून नजर न काढता, "माझं एकट्याचंच झालं असं का?"

परत येताना सगळ्या वाटेनं तिच्या डोक्यात तोच प्रश्न. अविधवा नवमी म्हणजे भाद्रपदात, पितृपंधरवड्यात, अहेवपणी गेलेल्या बायकांचा दिवस. मध्ये पाच महिने. आणि वह्यांतली अकरा हजार नावं मशीनमध्ये गेलेली.

गुरुजींनीही मुदत घातली. सिंहस्थाची गर्दी श्रावणापासून सुरू होणार. आषाढ संपेपर्यंत मशीनवर विश्वास टाकता येईल असं कर, नाहीतर झाकण घाल त्याला, मी आपल्या वह्या उघडतो. शेजारचे उपाध्ये तोवर घाटावर हसायला लागले होते. त्र्यंबकगुरुजींकडे जाऊ नका, जिवंत गेलात तर कैलासवासी होऊन परत याल, असं यजमानांना सांगायचे.

सालाला चार आकड्यांची जागा तिनं पहिल्याच दिवशी केली. पण सवयीची सोय म्हणून पहिले दोन आकडे मशीनच भरून ठेवायचं, चुकीचे वाटले तर भरणाऱ्यानं बदलावेत. वाल्मीकभाऊंनी एकदाही बदलले नाहीत. मग तिनं मशीनला प्रश्न विचारायला लावला. प्रत्येक सालानंतर पडद्यावर चौकट यायची, हे साल बरोबर आहे का? दोन दिवसांत वाल्मीकभाऊंच्या बोटाला ते पाठ झालं. चौकट यायच्या आधीच बोट होय म्हणून मोकळं. शुभांगीनं मुद्दाम एका कागदात आठ जुनी सालं पेरली होती. आठच्या आठ चुकली.

"तुम्ही वाचता तरी का ते?" तिनं विचारलं.

"रोज तीनशे वेळा तोच प्रश्न विचारणाऱ्याला मॅडम, घरात बायकोसुद्धा हो म्हणून सोडून देते," वाल्मीकभाऊ म्हणाले.

मग तिला गुरुजींचं बोलणं आठवलं, सगळी पानं एका रंगाची. तिनं पडद्याला रंग दिले. अठराशेचं साल मारलं की पडदा तपकिरी, एकोणीसशेचं मारलं की पिवळसर, दोन हजारचं मारलं की पांढरा फटक. गुरुजींना फार आवडलं. मंद डोळ्यांनाही दुरून कळायचं. तिनं पेढे आणले नाहीत, शिकली होती तेवढं. चार दिवस वाल्मीकभाऊंच्या पाठीमागे स्टूल टाकून बसली. पडदा तपकिरी व्हायचा, पिवळा व्हायचा, आणि वाल्मीकभाऊंची नजर कागदावर. ती जरा जोरात खोकली की तेवढ्यापुरती मान वर. ज्यानं तीस वर्षं यंत्राकडे बघितलं नाही, त्याच्यापुढं रंगांची जत्रा मांडून काय उपयोग? आणि माणूस चुकत नव्हता. तो त्याच्या कामाच्या रीतीनं अगदी बरोबर होता.

ज्येष्ठ संपत आला. तिला भूक लागेना. नवसाबाईनं दृष्ट काढली. शेखर म्हणाला, दुसरा टायपिस्ट बघ. तेही तिला पटेना. आज ह्याला काढलं, उद्या येणाराही माणूसच असणार, त्याच्याही बोटांना दोन दिवसांत सगळं पाठ होणार.

असंच एका सकाळी गुरुजींकडे जाताना घाटावर ती थांबली. गुरुजी कुणा यजमानाकडून संकल्प सोडवून घेत होते. हा संकल्प तिनं लहानपणापासून ऐकलेला. फुलांची पाटी घेऊन आईबरोबर ह्याच पायऱ्यांवर बसायची. पण आज कान लागला. गुरुजी सुरुवात कुठून करतात? ब्रह्मदेवाच्या आयुष्यापासून. मग कल्प, मग युग, युगाचा चरण, मग शालिवाहन शक, संवत्सर, अयन, ऋतू, महिना, पक्ष, तिथी, वार, आणि सगळ्यात शेवटी पायरीवर ओल्या पंच्यात कुडकुडणारा माणूस, त्याचं गोत्र आणि नाव. आधी आभाळाएवढं, मग एवढंसं. आणि तिचं मशीन काय विचारत होतं? आधी दिवस, मग महिना, मग साल. म्हणजे शतक येईतो बोटं पुढच्या खणाकडे धावत सुटलेली.

ती जिना दोन दोन पायऱ्यांनी चढली. त्या दिवसापासून मशीन पहिल्यांदा शतक विचारू लागलं, एकटं, मोठ्या खणात, आणि तो खण रिकामा. मशीन आपल्या मनानं काहीही भरणार नाही. शतक टाकल्याशिवाय दुसरं काही उघडणार नाही. वाल्मीकभाऊंची बोटं अडखळली, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा ते शिवी देऊन थांबले. शुभांगीला ती शिवी ओवीसारखी गोड वाटली.

तरी काम पुरं झालं नव्हतं. आठवडाभरात बोटं सगळीकडे १९ मारायला शिकली. आता चुका निम्म्यावर आल्या, पण शून्य नव्हत्या, आणि ज्याच्या घरचं नाव चुकतं त्याला निम्म्याचं काय सुख?

उपाय शेवटी वाल्मीकभाऊंनीच दिला, तोही न कळत. ते जुन्या टाइपरायटरच्या आठवणी काढत बसले होते. मॅडम, त्याला घंटा होती, ते म्हणाले. ओळ संपत आली की टिंग करायची. मी कधी कागद बाहेर जाऊ दिला नाही. झोपेत घंटा ऐकली तरी माझा हात ओळ फिरवायला उठायचा, बायको शेजारी झोपायला भ्यायची.

शुभांगी बोलणं अर्ध्यात टाकून खुर्चीवर जाऊन बसली.

मशीनमध्ये घंटा आधीपासूनच होती, बिचारी उगाच गप्प बसलेली. तिनं ती अशी बांधली: वरच्या नावाचं जे शतक, तेच खालच्या नावाचं असलं तर घंटा नाही. शतक बदललं, किंवा कागदावर जुनं असून बोटानं नवं मारलं आणि बाप मुलाच्या मागून जन्मला, की टिंग. आणि तोच आकडा पुन्हा एकदा मारीपर्यंत मशीन जागचं हलणार नाही. सारखी वाजली असती तर वाल्मीकभाऊंनी तीही ऐकून न ऐकल्यासारखी केली असती. म्हणून ती दिवसातून दहा-बाराच वेळा वाजू दिली. पहिल्यांदा टिंग झालं तसे त्यांचे दोन्ही हात आपोआप वर उचलले गेले, डोळे कागदावरून पडद्यावर आले, पुन्हा कागदावर गेले. कागदावर १८९८ होतं. त्यांनी १९ खोडून १८ मारलं आणि वळून तिच्याकडे बघितलं.

"शुभांगीताई," ते म्हणाले, मॅडम नव्हे, "ही तीस वर्षं कुठं होती हो?"

आणखी एक काम तिनं केलं. सौ. आणि गं. भा. आपोआप लावायची हुशारी तिनं मशीनमधून उपटून काढली. ते माणसाला विचारायचं. जिचं आहे तिच्या घरच्याला, तोंडानं.

उरलेला आषाढभर तिघं मिळून जुनी नावं तपासत बसले. गुरुजी वहीच्या पानाला हात लावून शतक सांगायचे, वाल्मीकभाऊ भरायचे, शुभांगी पाठीमागे उभी. एकोणीस बायकांचं कुंकू मशीननं पुसलं होतं. उलट, सात विधवांना नवरे परत दिले होते; अठराशे अठ्ठ्याण्णवात गेलेले नवरे एकोणीसशे अठ्ठ्याण्णवापर्यंत जगवून. त्या सातांपैकी कुणाच्या घरून तक्रार आली नव्हती, हेही सांगून ठेवलं पाहिजे. दुरुस्त त्याही केल्या.

सिंहस्थ आला, पूर आला माणसांचा, आणि ओसरला. मशीन चाललं. घाटावरचं हसणं कमी झालं. बंद मात्र नाही, कारण लोकांना एकदा सापडलेली गंमत सोडवत नाही. पण शुभांगी नवमी मोजत होती.

नवमीला जयराम आला. एकटाच आला, मुलाला कांद्याच्या रोपात गुंतवून. वर्षश्राद्धाआधी ही नवमी करतात की नाही, ह्यावर गुरुजी काही बोलणार तोच तो म्हणाला, करायचं ते तुमचं तुमी बघा, मी ऐकायला आलोय. आणि चैत्रात बसला होता त्याच जागी, त्याच भिंतीला टेकून बसला.

शुभांगी पाणी प्यायली. तिनं पडदा पुसला, खुर्ची सरकवली, पुन्हा तांब्या तोंडाला लावला. नोंद सकाळपासून तिनं पाच वेळा बघितली होती. वाल्मीकभाऊंना तिनं खूण केली. मागच्या वेळचं सगळं पुसून लंकाबाईचं नाव तिनं आज त्याच्यासमोर नव्यानं भरायचं ठरवलं होतं. वरची ओळ आज्याची, एकोणीसशे दोनची, पडदा पिवळसर. वाल्मीकभाऊंनी लंकाबाईचं शतक मारलं. टिंग झालं.

जयराम दचकला. "हे काय वाजलं?"

"शतक बदललं, बाबा. तुमच्या आजोबांचं ते मागचं. हे आत्ताचं. दोन्हींची गाठ पडू नये म्हणून वाजतं."

पडदा पांढरा झाला होता. म्हाताऱ्याला अक्षर येत नव्हतं, पण पिवळ्याचं पांढरं झालेलं त्यानं बघितलं आणि मान हलवली. नावाआधीचा खण रिकामा होता. शुभांगीनं त्याच्याकडे वळून विचारलं, "नावाआधी काय लिहू?"

त्यानं भिंतीची टेक सोडली. त्याला आजवर कुणी असं विचारलं नव्हतं. मग म्हणाला, "सौभाग्यवती लिव्ह. पुरं लिव्ह, आखूड नको."

तिनं लिहिलं आणि वाचलं. ह्या खेपेला आवाज मोठा निघेना, पण तिनं काढला. सौभाग्यवती लंकाबाई, पती जयराम रंगनाथ, निधन सन दोन हजार तीन, चैत्र.

"पुन्यांदा."

तिनं पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा त्यानं नुसता हात हलवला आणि तिनं तिसऱ्यांदाही वाचलं. मग त्यानं टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि डोक्यावरून हात फिरवला. निघालं बहुतेक, असं काहीतरी तो पुटपुटला. गुरुजींनी वहीतही ओळ उतरवली होती. त्याखाली त्यानं अंगठा केला.

उठता उठता त्याची नजर पुन्हा पडद्यावर गेली. "माझं नाव कुठं हाय?"

तिनं दाखवलं. नाव, बापाचं नाव, गाव, जन्माचं साल, आणि शेवटी एक मोठा रिकामा खण.

"हे मोकळं काय?"

"ते... ते मोकळंच बरं, बाबा. आता मशीन आपल्या मनानं तिथं काही भरत नाही."

त्याला ते समजलं. दाढीचे खुंट हलले, हसला असावा. "राहू दे मोकळं. त्यात दोन हजारचं साल घालायचं का एकइसशेचं, ते माझं मी बघतो. तुमी घाई करू नका."

तो जिना उतरून गेला. वाल्मीकभाऊ चहाला उठले, गुरुजी जेवणाला येणाऱ्या सवाष्णींची पानं मांडायच्या सूचना देत आत गेले. शुभांगीनं मशीन बंद केलं, पिशवी उचलली, खाली आली. शेखर गाडी सुरू करून उभा होता. ती मागं बसली, पदर सावरला, आणि पुन्हा उतरली.

"परतफेरी?" त्यानं विचारलं.

ती वर गेली, मशीन पुन्हा लावलं, चांदवडचं पान काढलं. जयरामाच्या नावापुढचा खण रिकामाच होता. तो रिकामा आहे हे तिनं नीट बघून घेतलं, एकदा, दोनदा, आणि मग तिसऱ्यांदा न बघता बटण बंद केलं.